पाळण्याचा आकडा

अहो,

तुम्ही धावायला गेलात आणि फोन इथंच चार्जिंगला राहिला, म्हणून लिहून ठेवते. साडेसहाला पाळणा आकड्यातून निसटला आणि कीर्तू डोक्यावर पडली. आधी खूप रडली, मग दोनदा ओकली, आता सारखी पेंगते आहे. वीरेंद्र भाऊजींच्या गाडीवर तिला पवनीच्या दवाखान्यात नेते. तिथून भंडाऱ्याला पाठवलं तर शेजारच्या कौशल्याबाईंना फोन करीन. आल्याबरोबर त्यांना विचारा. तिची दोन दुपटी दोरीवर आहेत, ती घेऊन या.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी तुम्ही डंबेल आणणार होतात. रांगतं पोर आहे, डंबेल तिच्या हातापायावर पडेल, म्हणून मी नको म्हटलं. नुसत्या जोर-बैठका मारा म्हटलं, तर म्हणालात, "तेवढ्यानं का होते? तुले तं सगळ्याचंच भेव." मग पाळण्याच्या आकड्यावरून दोरी टाकून तांदळाचा भरलेला कट्टा वर ओढायचं मीच सुचवलं. घरातलीच वस्तू, तिला धोका नाही, असं वाटलं. रोज तुम्ही पाळणा काढायचात आणि व्यायाम झाला की मी परत अडकवायची.

परवा अडकवताना आकड्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं होतं. बोलले असते तर तुम्ही पुन्हा तेच म्हणाला असतात. म्हणून गप्प राहिले आणि तिला त्यातच निजवलं.

आकडा कडीतून काढून टेबलावर ठेवलाय. आई आसगावहून येतील, कसं झालं विचारतील. तुमचं नाव घेऊ नका. माझंच सांगा.

अंजू