धाकटीच्या फोनातलं बोलणं

४ मार्च

मेल्या माणसाचा अंगठा! धाकटी बहीण सकाळी गेली. अंग पुरतं गार पडलं नव्हतं, तोच तिच्या पोराने तिचा अंगठा धरून फोनवर टेकवला. फोन उघडला! म्हणतो, "मावशी, लोकांना कळवायला नंबर हवे होते." नंबर हवे होते म्हणे!

सूनबाई, सांगते तसंच लिही. मला अक्षर येत नाही, पण वाचून दाखवशील तेव्हा गाळलेलं बरोब्बर पकडेन.

७ मार्च

लिहिणं धाकटीलाही येत नव्हतं. म्हणून आम्ही दोघी फोनवर बोलून मेसेज पाठवायचो. गुडघे, पोट, नवरे, सुना — सगळं.

आज भेटायला आलेल्यांपुढे त्या पोराने ते मोठ्या आवाजात लावले! धाकटी हसत सांगतेय, "ताई, ह्यांच्यावर माझा जीव कधी जडलाच नाही गं. सवय झाली, एवढंच." आणि ते 'हे' समोर खुर्चीत! चहाचा कप हातात तसाच.

"बंद कर, मेल्या!"

"आठवण आहे आईची. आता तिला काय फरक पडतो, मावशी?"

ती जिवंत असताना तिच्या खोलीचं दार वाजवून आत जायचास ना रे? मग आता कुठे गेली ती रीत?

८ मार्च

त्यात तुझ्याबद्दलही आहे, सूनबाई. हात का थांबला? लिही! ऐकायचं असेल तर आत्ता विचार, तोंडावर सांगते. मी गेल्यावर माझा फोन उचकायचा नाही.

११ मार्च

उद्या तो पोरगा सगळे मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार म्हणे! जेवण गेलं नाही. भांडी मात्र जोरात आपटली.

१२ मार्च

सकाळीच त्याचं घर गाठलं. बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हटलं, "बघ त्याच्याकडे. आणि पूस सगळं, माझ्यासमोर."

"मग आईचा आवाज कुठून आणू?" — एवढा बाप्या, हमसून रडला. राग जरा अडखळला माझा. पण हटले नाही. एकेक पुसत गेला. शेवटी थांबला.

"मावशी, हा तुझ्यासाठी बोलून ठेवलाय. गेली त्याच्या आदल्या रात्रीचा. पाठवलाच नाही तिने. लावू?"

१३ मार्च

पाठवला नव्हता, म्हणजे तो तिचाच. पूस म्हटलं. न ऐकता.

आज इतकंच. सूनबाई, माझ्याकडे बघू नकोस.