हेडकाउंट बरोबर आहे

१७ एप्रिल, सकाळी

मुलांना आजपासून सुट्टी. मीही रोजनिशी लिहायला घेतली. कारखान्यात रोज सुरक्षा अहवाल लिहितो, मग घराचा का नको? वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

सद्यःस्थिती: हिवाळ्यात ही गेली. न्यूमोनिया. मी त्यातून पूर्णपणे बाहेर आलो आहे. मुलं मात्र नाहीत. थोरली आठ वर्षांची, घरात आम्ही सगळे तिला बाईसाहेब म्हणतो. ती फार बोलत नाही, नुसती बघत असते. धाकटा टिल्लू चार वर्षांचा. तो बोलतो, पण भलतंच.

मेहुणीचं म्हणणं, जूनपासून दोन्ही मुलं तिच्याकडे राहू देत. भावोजी, तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही, असं तोंडावर म्हणाली. शेवटी असं ठरलं की सुट्टी संपताना ती येईल, चार दिवस राहून बघेल आणि मग काय ते ठरवू. बघ म्हणावं खुशाल. रंगाच्या कारखान्यात अख्ख्या शिफ्टला आगीतून सुखरूप बाहेर काढायची तालीम मी देतो. मला दोन पोरं झेपणार नाहीत?

संकल्प: दर रविवारी सहल. मुलांना इतकं हिंडवायचं की आईची आठवण काढायला त्यांना फुरसतच मिळू नये.

१९ एप्रिल

उद्या तलाव. धोक्यांचा आढावा घेतला. पाणी, ऊन, मधमाश्या, टिल्लू.

गाडी आतून-बाहेरून धुतली. पुढच्या सीटच्या पाठीवर हिचा करडा स्वेटर हिवाळ्यापासून आहे. तो तसाच ठेवला. एसीचा झोत सरळ अंगावर येतो, कोणाला लागला तर असावा. सीटबेल्टही लावला त्याला. ब्रेक दाबला की घसरतो.

२० एप्रिल, रविवार

सहल यशस्वी. किरकोळ त्रुटी एकच, होडीत बसणं झालं नाही.

झालं असं, की खिडकीवर मी चार तिकिटं मागितली. जिभेचं वळण, दुसरं काही नाही. नावाड्याने विचारलं, तीनच दिसताय, चौथं कोण? मागून येतायत, असं सांगून टाकलं. आता अनोळखी माणसाला हॉस्पिटलपासून सगळी कथा ऐकवत बसायचं का? पण नावाडी नको तितका सज्जन निघाला. वहिनींना येऊ द्या, घाई काय आहे, असं म्हणून त्याने दोर परत खुंटीला बांधला.

मग काय बोलणार? आम्ही तिघं लाइफ जॅकेट घालून काठावर बसलो. टिल्लूने चौथं जॅकेट मांडीवर धरलं होतं. बाईसाहेब वाटेकडे बघतच नव्हत्या. सारख्या माझ्याकडे बघत होत्या. सँडविच संपले. ऊन चढलं आणि उतरलंही. एकदा वाटेच्या वळणावर करडं काहीतरी हललं तेव्हा मी ताडकन उठून उभा राहिलो. बसून बसून पाय अवघडले होते. एक म्हातारे गृहस्थ होते, छत्री घेऊन.

शेवटी नावाड्याने होडी पालथी घातली आणि म्हणाला, आज काही वहिनींना जमलेलं दिसत नाही, पुढल्या रविवारी घेऊन या. मी हो म्हणालो.

मुलांना ताजी हवा भरपूर मिळाली.

२३ एप्रिल, संध्याकाळी

स्वयंपाकघरातून आवाज येतात. कप बशीवर ठेवल्यासारखे. आधी कप, मग चमचा. ही नेमकी तशीच ठेवायची. कारण साधं आहे. उन्हाने पाइप प्रसरण पावतात, संध्याकाळी आकुंचन पावतात. तरी मुलं घाबरू नयेत म्हणून मी तिथे खुर्ची टाकून बसलो. दिवा लावला नाही, वीज वाया जाते.

थोड्या वेळाने बाईसाहेब आल्या. बाबा, काय करताय, म्हणाल्या. पाइप तपासतोय, म्हटलं. त्यावर तिने शेजारी खुर्ची ओढली आणि तीही पाइप तपासत बसली. पोरीला माझ्या कामात रस आहे, हे आज प्रथमच लक्षात आलं.

दाराला आतून कडी लावणं बंद केलं आहे. बाहेर पडायचा मार्ग कधी अडवू नये, हा सुरक्षेचा पहिला नियम. बाहेरून कोणाला आत यायचं झालं तरी बरं पडतं.

२७ एप्रिल, रविवार

संग्रहालय. देवमाशाचा सांगाडा बघून टिल्लूने विचारलं, हा मेला का? मी म्हटलं, दमलाय, पडलाय जरा. तिथली माहिती सांगणारी बाई मध्ये तोंड घालून म्हणाली, मेला रे बाळा, कधीच मेला. चार वर्षांच्या मुलाशी ही भाषा! मी कार्यालयात जाऊन तक्रार केली. लेखी द्या म्हणाले. दिली. तक्रारीचं स्वरूप या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून स्वच्छतागृहाविषयी लिहिलं.

परत येताना टिल्लू गाडीत मासा मेला, मासा मेला, असं गात होता. खुशीत होता. मला गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांत धूळ फार जाते या रस्त्याने.

मेहुणीचा फोन. मुलं जेवतात का? जेवतात. झोपतात का? झोपतात. आणि तुम्ही, भावोजी? मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि ठेवला.

४ मे, रविवार

सहल रद्द. माझं डोकं दुखत होतं. अर्थात मुलांनाही विश्रांतीची गरज होतीच.

पण आज एक मूलभूत दोष हाती लागला. मी अजून चार मोजतो. ताटं चार काढतो. लिफ्टमध्ये चौघं चढेपर्यंत दार धरून ठेवतो, मागून शेजारी ओरडतात. बाईसाहेब रोज एक ताट गुपचूप उचलून परत फडताळात ठेवतात, हेही आज पाहिलं. म्हणजे गोंधळ मुलांचा होत असणार.

संकल्प: यापुढे तीन. आंघोळ करताना मोठ्याने म्हणायचं. तीन. तीन. तीन.

११ मे, रविवार

पोहण्याचा तलाव. आत शिरताना तीन, बाहेर येताना तीन. सराव उत्तम चालला आहे. कपडे बदलायच्या खोलीबाहेर मात्र अर्धा तास जास्त थांबावं लागलं. बायकांच्या बाजूच्या. का ते आता आठवत नाही. टिल्लूने माझं बोट ओढलं आणि म्हणाला, चला ना, केस वाळले आपले.

१८ मे, रविवार, दुपारी

पेट्रोलपंपावर रांग आहे, म्हणून गाडीतच लिहितो आहे. टेकडीवरची बाग. शंभर टक्के यशस्वी सहल! घसरगुंडी, झोके, उकडलेली अंडी, सगळं वेळेवर. कोणी पडलं नाही, कोणी रडलं नाही. मेहुणीने आज बघायला हवं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निघताना हेडकाउंट घेतला आणि तो एका दमात जमला. स्टिअरिंगवर मी एक. शेजारी एक. मागे एक. तीन! अडखळलो नाही, छातीत काही झालं नाही. आपण जिंकलो असं वाटलं. आता मेहुणीने हवं ते तपासावं.

मागे बाईसाहेब झोपल्या आहेत. टिल्लूचा तर आवाजच नाही. किती शहाणा झालाय.

१८ मे, संध्याकाळी

टिल्लू बागेत राहिला होता.

रांगेतच बाईसाहेबांना जाग आली आणि त्यांनी विचारलं, टिल्लू कुठाय? मी म्हटलं, मोजलाय मी. ती पुढे वाकली, स्वेटरकडे बघितलं आणि म्हणाली, बाबा, गाडी वळवा. ओरडली नाही. मी वळवली. हात इतके थरथरत होते की चाकांची अलाइनमेंट बघून घ्यायला हवी.

नाही. अलाइनमेंटला काही झालेलं नाही.

तो फाटकाशी बाकावर बसला होता, बूट हातात घेऊन. पाणी प्यायला गेला होता म्हणे. शेजारी पहारेकरी उभा. त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाला, पोरगं अजिबात रडलं नाही साहेब. बाबा आईला शोधायला गेलेत, येतील, एवढंच सांगत होतं.

मी त्याला उचलला तर त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि कानात विचारलं, नाही ना सापडली?

२० मे

शांतपणे विचार केला. झाल्या प्रकाराचं मूळ कारण टिल्लूच्या मनात आहे. आई परत येणार असं तो धरून बसला आहे, आणि त्याच्या या समजुतीमुळे घरातली सगळी मोजणी बिघडते. मेहुणी येण्याआधी त्याला स्पष्ट सांगायलाच हवं. कामगारांना सांगतो तसं. छोटी वाक्यं, डोळ्यांत बघून, दोनदा.

२५ मे, रविवार

आज सांगणार होतो. पण गरम फार होतं.

३१ मे

उद्या मेहुणी येते आहे. उद्या सकाळी सांगतो. तालीम आरशासमोर केली. पहिल्या वाक्याच्या पुढे आवाज जात नाही. घसा बसलाय, गुळण्या केल्या.

१ जून

सकाळी दोघांना पलंगावर बसवलं. आधी सुरक्षिततेचं महत्त्व सांगितलं. मग कुटुंब म्हणजे काय ते सांगितलं. मग पाणी प्यायलो. टिल्लूने जांभई दिली. मग एकदाचं म्हणालो. आई मेली. ती येणार नाही.

हे वाक्य माझ्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. हॉस्पिटलातही म्हणालो नव्हतो, फोनवर सगळ्यांना गेली, गेली, एवढंच सांगितलं होतं. मला कपाटाला धरावं लागलं.

टिल्लू म्हणाला, मला माहितीये.

मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, हिवाळ्यापासून, ताईने सांगितलं. मग रोज वाट कशाला बघायचास, असं विचारल्यावर त्याने बहिणीकडे बघितलं. आता सांगू का, असं तिला विचारलं. बाईसाहेब म्हणाल्या, वाट तुम्ही बघत होता, बाबा. आम्ही तुमच्याबरोबर थांबायचो. मीच त्याला बजावलं होतं, बाबांना इतक्यात काही बोलायचं नाही.

मेहुणी दुपारी आली. मी सहलींचा अहवाल द्यायला लागलो तोच बाईसाहेबांनी सगळं खरं सांगून टाकलं. तलाव, पाइप, बागेतलं बाक, सगळं. मेहुणीचा चेहरा उतरला. भावोजी, आता तरी ऐका, म्हणाली, आणि मुलांना जवळ घेऊन विचारलं, चलता ना माझ्याकडे?

बाईसाहेब विचार करून म्हणाल्या, आलो असतो गं मावशी. तुझ्याकडे मजा येते. पण बाबांना एकटं कसं ठेवणार?

एवढ्यावर निर्णय झाला. मुलं इथेच राहणार. लढाई मी जिंकलो असं लिहायला बसलो होतो, पण लिहवत नाही.

मी रडलो. मेहुणीसमोर, मुलांसमोर, नाक गळेपर्यंत. टिल्लूने पेला भरून पाणी आणलं. निम्मं वाटेत सांडलं होतं, उरलेलं त्याने उभं राहून मला प्यायला लावलं.