पूजा झालेलं लोखंड

१२ मे, मंगळवार

यंदाची ट्रॉली भिवंडीच्या कुणा ठेकेदाराला द्यायचं चाललंय! चोवीस वर्षं मंडळाचा गणपती कारखान्यातून मंडपापर्यंत आला तो माझ्या हातच्या ट्रॉलीवर. आणि हे कालचं पोर अवधूत, कार्याध्यक्ष झालं नाही तोच मला गल्लीच्या तोंडाशी गाठून सांगतं — काका, लोकांच्या मनात शंका आहे. एकतीसला सभा आहे, तिथे बोला काय ते.

शंका कसली डोंबलाची! गेल्या आगमनाला मूर्ती कलंडली ती वळणावर. पुढचा दांडा दौलतच्या हातात होता. दांड्याने चाकं वळतात, माझ्या वेल्डिंगने नाही. याने दांडा खसकन ओढला आणि चौदा फुटी बाप्पा आडवा झाला. भंगलेली मूर्ती गुपचूप विसर्जित करावी लागली. दहा दिवस मंडपात दीड फुटाची मूर्ती. अख्खं परळ बघायला आलं, दर्शनाला नव्हे, हसायला.

दौलतचा घोटा ट्रॉलीखाली गेला, वाईट झालं. बालपणचा दोस्त. पण चूक ती चूक. मी चारचौघांत बोललो तेव्हापासून त्याने बोलणं टाकलंय. टाकू दे.

१४ मे, गुरुवार

स्पृहाने तिचा जुना लॅपटॉप पुढ्यात ठेवला. बाबा, पंख्याखाली बसून आईवर डाफरता, त्यापेक्षा हे खेळा. गाड्या जोडायचा गेम आहे म्हणे. लोखंड, चाकं, स्प्रिंगा, बिजागऱ्या, सगळं फुकट.

छप्पन्न वर्षांच्या वेल्डरने आता गेम खेळायचा! हेच बघायचं राहिलं होतं.

१५ मे, शुक्रवार

दुकानात दिवसभरात एक खिडकीचं ग्रिल. तेही बाईने घासाघीस करून.

घरी येऊन हातगाडी जोडली. चालवली तर दोन चाकं निघून भलतीकडे पळाली. एकटाच हसलो.

१७ मे, रविवार

काय भन्नाट चीज आहे ही! चाक लावलं की लागलं. नको तर काढलं, ना ठिणगी, ना कटर, ना डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ. जे मनात येईल ते. मी आधी मालाची गाडी केली, मग तिला क्रेनचा हात बसवला, मग तो हात घडी होईना म्हणून तीन तास घातले. झाला घडी! रश्मीने जेवायला हाका मारमारून शेवटी ताट झाकून ठेवलं. जेवताना म्हणाली, लग्नानंतर तुम्हाला एवढं खूश बघितलं नाही. टोमणाच होता, पण खरा होता.

मजा कसली आहे सांगू? गिऱ्हाईक नाही. उंची इतकीच हवी, रंग असाच हवा, पुढच्या सोमवारी हवी, असं म्हणणारं कुणी नाही. चाळीस वर्षं लोकांच्या मापाने लोखंड कापलं. आज पहिल्यांदा माझ्या मापाने.

२० मे, बुधवार

गाडी का पडते ते हा गेम दाखवतो! एक बटण दाबलं की सगळ्या वजनाचा मध्य म्हणून पिवळा ठिपका दिसतो. ठिपका खाली तर गाडी शहाणी. वर गेला की दारुडी. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अण्णा हेच मला हाताने गाडी हलवून शिकवायचे. कंपनीने बरोबर पकडलंय.

२३ मे, शनिवार

डोक्यात आलं — आपली ट्रॉलीच का जोडू नये? जुनी वही काढली. चाकांतलं अंतर, पाटाची उंची, सगळं वहीतल्या मापाने बसवलं. वर मूर्तीच्या जागी चौदा फुटी ठोकळा. वळणही आपल्या नाक्यावरचं, तसंच अरुंद.

हळू नेली, ताठ उभी! दांडा जोरात वळवला, धाडकन आडवी!

म्हणजे मीच खरा. वर्षभर जे घसा फोडून सांगत होतो तेच. स्पृहाने दोन्हींचा व्हिडिओ करून दिला. म्हणाली, बाबा, सभेत हाच लावा, भाषण नको. बघू आता अवधूत काय बोलतो. आणि दौलतही.

२५ मे, सोमवार

नुसता ठोकळा बरा दिसेना. सभेत दाखवायचं तर देखणं करू म्हटलं. दुपारभर बसून पाटाला भगवा रंग दिला, मागे गोल प्रभावळ उभी केली. काय सुंदर दिसली! सहज म्हणून चालवली.

वळणावर कलंडली.

बोट चुकलं असेल म्हणून परत. अगदी मुंगीच्या पावलाने. कलंडली. ठिपका बघितला, चांगला वर सरकलेला.

प्रभावळ. वहीतलं माप गेल्या जूनमधलं आहे, पाद्यपूजनाच्या, म्हणजे मूर्तीचं काम सुरू करायच्या पूजेच्या, आधीचं. पूजेनंतर कमिटीने तीन फुटांची प्रभावळ वाढवली. आणि आमच्याकडे पाद्यपूजनाला ट्रॉलीचीही पूजा होते, हळदकुंकू, नारळ, सगळं. पूजा झालेल्या लोखंडाला विस्तव लावायचा नाही, हा अण्णांचा नियम. मी तोच धरून बसलो.

दौलत तेव्हा दुकानात आला होता. म्हणाला होता, "हितू, उंची वाढली रे. चाकं फूटभर बाहेर घेऊया?" मी म्हटलं, पूजा झालीय, आता काही होत नाही, तू दांडा नीट धर म्हणजे झालं.

खरं तर नियमबियम नंतर. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. दौलतने तर नाहीच नाही.

२६ मे, मंगळवार

चौदा वेळा चालवली. चौदाही वेळा आडवी.

२७ मे, बुधवार

चाकं फूटभर बाहेर घेऊन बघितली. दांडा कितीही ओढा, हलत नाही. एक फूट! दोन तासांचं काम होतं.

आता गेम उघडवत नाही. शिसारी आली.

२८ मे, गुरुवार

नायगावला गेलो, दौलतच्या चाळीत. तीन जिने चढताना काय बोलायचं ते घोकत होतो. दार शेवंतीवहिनींनी उघडलं. दौलत घोट्याच्या व्यायामाला हॉस्पिटलात गेलेला. पायात सळी आहे अजून, थंडी-पावसात ठणकते म्हणाल्या. बसा म्हणाल्या, चहा टाकते. वर्षभराने आलेल्या माणसाला! मी बसलो नाही. काम आहे म्हणालो.

जिना उतरताना हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

३० मे, शनिवार

ठरलं. उद्या सभेतच सांगायचं, सगळ्यांसमोर. बोललो चारचौघांत, तर निस्तरायचंही चारचौघांतच. ट्रॉलीचं काम गेलं तर गेलं. स्पृहाला सांगून ठेवलंय, लॅपटॉप चार्ज कर. तिला वाटतंय बाबा जिंकणार. रश्मीने पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय.

३१ मे, रविवार

ठोकळ्याचा व्हिडिओ दाखवला. टाळ्या पडल्या. दौलतने एकच विचारलं, यात प्रभावळ धरलीस ना? मी म्हटलं, धरली.

यंदाची ट्रॉली मला मिळाली. लोक पांगल्यावर दौलत काठी टेकत आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "हितू, वर्षभर मनात तुलाच शिव्या घातल्या रे. हात माझाच चुकला. माफ कर."

मी म्हटलं, जाऊ दे.