युन्नानच्या धावपट्टीवरचा दगड

बाबा,

तुमची नात आज चीनमध्ये आहे, तुमच्या त्या विमानतळाजवळच्या गावात, आणि कालपासून तिचा ईमेलही नाही. लेस्टरच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसले आहे. मघाशी डाळ करपली, ते वास आल्यावर कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण घाबरले की अजून तुम्हालाच सांगावंसं वाटतं. इथे शेजारणीला सांगितलं, तर ती ‘शी विल बी फाइन’ म्हणून चहा टाकायला उठली.

त्या विमानतळाबद्दल तुम्ही एकदाच बोललात. आपल्या गल्लीत डांबर पडत होतं आणि आम्ही मुलं रोलरच्या पुढून पळायची पैज लावत होतो. तुम्ही कामावरून येत होतात. सायकल रस्त्यात टाकून तुम्ही मला दंडाला धरून घरात आणलंत आणि एक मुस्काटात दिलीत. त्याआधी कधी बोटही लावलं नव्हतंत. आईचं लाटणं थांबलं. मी रडायचंही विसरले.

मग पाटावर बसून तुम्ही सांगायला लागलात. दुसऱ्या महायुद्धात तुम्ही फिटर होतात, आसामातून डोंगर ओलांडून युन्नानला सामान नेणाऱ्या विमानांवर. तिथे धावपट्टी बांधायला यंत्रं नव्हती. गावंच्या गावं आणली होती, बायकापोरांसकट. दगड हातोडीने फोडायचे, टोपल्यांनी पसरायचे आणि त्यांवरून माणसाहून उंच दगडी रूळ शेकडो माणसं दोरांनी ओढायची. एकदा चालू लागला की तो रूळ थांबवता येत नसे. तुम्ही विमानाच्या पंखावर उभे होतात, तेव्हा दोर ओढणारा, रुळाच्या अगदी पुढचा एक माणूस घसरला. ‘थांबा, थांबा’ म्हणून तुम्ही मराठीतच ओरडत राहिलात. कुणाला काय कळणार होतं? आणि कळून तरी काय होणार होतं? काही जण तर मुद्दाम उतरत्या विमानापुढून धावायचे, म्हणालात. आपल्या मागे लागलेलं भूत पंख्यात कापलं जातं, अशी त्यांची समजूत. धावायला जरा उशीर झाला की, एवढं म्हणालात आणि आईने तुम्हाला गप्प केलं. पुढे कितीतरी वर्षं मी चालताना मागे वळून बघायची. इथे हॉस्पिटलात कामाला लागल्यावर तिथल्या कॉरिडॉरमध्येसुद्धा.

लेकीला ही गोष्ट मीच सांगितली. आता ती केंब्रिजला जुन्या धावपट्ट्यांच्या बांधणीवर रिसर्च करते. जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, “आई, डोन्ट वरी. मी फेन्सच्या बाहेरच राहणार. ओल्ड रनवेचे स्टोन्स तिथे साइडला पडलेत. एक आणते, आजोबांच्या फोटोसमोर ठेवायला.”

बाहेर म्हणजे किती बाहेर, बाबा? तिथे आता लष्कराची जेट विमानं उतरतात. फोटो काढायला बंदी आहे, हे तिनेच सांगितलं होतं. मला सारखं दिसतं, ती कुंपणापाशी वाकली आहे आणि मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं. दगड कशाला, विचारतात. माझे आजोबा इथे होते, असं ती इंग्लिशमध्ये सांगते आहे. माझ्या मेसेजपुढे अजून एकच टिक आहे. तिथे व्हॉट्सॲप चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी दर थोड्या वेळाने उघडून बघते.

तुम्ही असता तर हीथ्रोवरून तिची बॅग उचलून सरळ गाडीत टाकली असतीत. मी तिच्या हातावर दही ठेवलं आणि कोटाची कॉलर नीट केली. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. मी तिला नको म्हणाले नाही. एक दगड नको, दोन आण, एक माझ्यासाठी, म्हणाले.