दुसऱ्या दिवसाची पाचर

डिंडोली, सुरत
मंगळवार

प्रिय सुषमाताई,

हे पत्र तीनदा सुरू केलं. पहिल्यांदा पेन चालेना, दुसऱ्यांदा चहा आला, तिसऱ्यांदा खरं लिहायची भीती वाटली. फोनवर तर जमतच नाही. तू "जेवलास का" विचारतेस आणि मी विषय बदलतो. चार वर्षं हेच चाललंय.

आधी बातमी. मी परत सुरतेत आहे, आणि काम कुठं करतोय सांगू? आपल्याच जुन्या बिल्डिंगमध्ये. जिन्यापाशी स्लॅबचा मोठा तुकडा पडला. लागलं कुणाला नाही, पण आतल्या सळ्या गंजून फुगल्यात आणि मधला खांब पार गेलाय. तो फोडून नवा करायचा, तोवर वरचं सगळं ओझं आमच्या लाकडी टेकूंवर. खाली फळी, त्यावर निलगिरीची बल्ली उभी, वर बीमला दुसरी फळी, आणि बुडाशी समोरासमोर दोन पाचरा. आधी तळमजला, मग बरोबर त्याच्याच डोक्यावर पहिला मजला. मुकादम वाल्मिकभाऊनं विचारलं, हे कुठं शिकलास? मी म्हटलं, घरी.

भाडेकरू सगळे गेलेत. फक्त तळमजल्याच्या प्रमिलाबाई समोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून पहारा देतात. पहिल्याच दिवशी आबांचं नाव घेऊन म्हणाल्या, "भिकनना पोऱ्या शे ना तू?" मी हो म्हटलं, तर म्हणे, बाप काम संपवून जायचा, तू मधूनच जायचास.

टेकू लावायला आपल्या खोलीत गेलो आणि अर्धा तास काही केलंच नाही. मोरीजवळ तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा तशाच आहेत. माझ्या दोनच. मी उभाच कुठं राहायचो! खिडकी आपटू नये म्हणून तू खोचलेली बाभळीची पाचरसुद्धा तिथंच. आबा दारात बसून पाचरा तासायचे आणि आपण त्यांचे बैल करायचो, आठवतं? तुझे बैल रांगेत, माझे जिन्यावरून खाली. ठोकायचे तेही आबा हळूच. जोरात मारलं तर स्लॅब उचलला जातो, तडा जातो. म्हणायचे, "त्याला नुसतं कळू दे, खाली आपण आहोत." आणि दुसऱ्या सकाळी, चहाच्याही आधी, प्रत्येक पाचरेला पुन्हा एक टोला. रात्रीतून लाकूड बसतं, फळी दबते, पाचर ढिली पडते. ढिलीचा आवाज बद्द येतो, घट्ट असेल तिचा टणक.

तर आता ते, जे लिहायची भीती वाटत होती. आबांच्या पायावर पडलेली बल्ली किडकी होती असं सगळे समजतात, कारण आबांनीच तसं सांगितलं. ताई, बल्ली चांगली होती. पांडेसऱ्याच्या त्या कामावर दुसऱ्या सकाळच्या पाचरा माझ्याकडे होत्या. हातोडी घेऊन निघालोही होतो. नाक्यावर माझ्या दोस्ताचा, वैभवचा टेम्पो दमणला चालला होता. म्हणाला, चल, समुद्र बघून संध्याकाळी परत. गेलो, हातोडी सीटखाली ठेवून. संध्याकाळी कळलं, ढिली पडलेली बल्ली निसटून आबांच्या पायावर आली, तेव्हा मागं फिरायच्याऐवजी पुढंच जात राहिलो. वसई, पनवेल, मग कुठं कुठं.

पुढच्या सोमवारी खांब फोडणार. रोज सकाळी मी सगळ्या पाचरा ठोकतो, तरी माझ्या कानावर माझाच भरवसा नाही. लिहायचं कारण हे, की आबा तुझ्याकडे आहेत. त्यांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव, आणि मग विचार, एकदा येऊन माझे टेकू बघतील का.

थांब. प्रमिलाबाई खालून हाक मारतायत.

ताई, आबा आलेत. प्रमिलाबाईंनीच फोन केला होता म्हणे. तुला शिरपूरला लग्नाला जातो असं सांगून निघाले, तेव्हा रागावू नकोस. आल्या आल्या काठी भिंतीला लावली, पिशवीतून हातोडी काढली आणि पहिल्या टेकूपाशी वाकले. एक टोला मारतात, कान देतात, पुढं सरकतात. आत्तापर्यंत तरी टणकच. पत्र मी टाकीन, पण त्यांना वाचून दाखवायची आता गरज नाही, मीच सांगतो. या मजल्यावर बावीस टेकू आहेत. ते नवव्यापाशी आहेत, मी शेवटच्या. उभा आहे.

तुझाच,
ललित