वाऱ्याआधीचे ओघळ

७ सप्टेंबर १९९८, सोमवार
आमचे मालक बन्सीशेठ यांचं फर्मान निघालं — दिवाळी अंक भयकथांचा! मुखपृष्ठ आपल्याच कॉम्प्युटरवर. "पुण्याचा चित्रकार नको. सर, तुम्ही सांगा, वृषाली करेल." १९ तारखेला छपाईला द्यायचं. अठ्ठावीस वर्षं या दैनिकात प्रुफं वाचतोय, मथळे देतोय. आता 'भयकथा' या अक्षरांतून रक्त ठिबकवायचं.

घरी बायको, पुष्पावती, म्हणाली, "पितृपक्षात भुतं रंगवा! जेवायला तेवढं वेळेवर या."

९ सप्टेंबर
वृषालीने कृती दाखवली. या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांना फराटे पाडणारा 'वारा' नावाचा परिणाम आहे; तो फक्त आडवा वाहतो. म्हणून चित्रच आडवं पाडायचं, अक्षरांवर वारा सोडायचा, चित्र पुन्हा उभं करायचं — वाऱ्याचे फराटे खाली ओघळतात. मग ब्रशने टोकाटोकाला थेंब.

पहिल्यांदा चित्र उलट्या अंगाला वळलं. ओघळ वर गेले! आमचा जुना कंपोझिटर कोंडीराम मागे उभा होता. "आगं पोरी, ही तर बाजरी उगावली!"

दुसऱ्यांदा जमलं. ओघळ फार लांब वाटले. "निम्मे कर." केले. तरी लांबच. पुन्हा कमी करवले.

११ सप्टेंबर
शेठ म्हणतात, "ओघळ कुठायत? नुसती लाल अक्षरं ही!"

मला तर स्वच्छ दिसतात!

वृषालीने सगळं पुसून कोरी अक्षरं घेतली. म्हटलं, "हं, हे ओघळ बरोबर आहेत. एवढेच ठेव."

"सर, अजून वारा मारलाच नाही."

थट्टा करते की काय? पण चेहरा थट्टेचा नव्हता. स्क्रीन पुसायला लावला. काही कळत नाही.

१४ सप्टेंबर
वाईट दिवस. कोल्हारहून कानिफनाथ नावाचा माणूस आला. काल त्याच्या वडिलांचा दशक्रिया विधी होता. आपल्या दैनिकातल्या जाहिरातीत तारीख छापली १२. "पाव्हणं आदल्या दिशी घाटावर यून माघारी गेलं. काल आमी घरचीच. आबांनी उभा जन्म मानसं जोडली हुती हो." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं.

कागद काढला. त्यांच्या हस्तलिखितात १३. मी वाचलं त्या प्रुफातही १३ होते — मला पक्कं आठवतं. तसंच शेठना सांगितलं.

वृषाली म्हणाली, "तुमची सही झाल्यावर मी हात लावला नाही."

शेठ म्हणाले, "सरांची एक चूक दाखव अठ्ठावीस वर्षांत. मुखपृष्ठ झालं की येऊ नकोस."

मी हस्तलिखित पुन्हा फायलीत लावलं. ती खोटं का बोलेल? आणि मी तरी का बोलेन?

१५ सप्टेंबर
डोकं चालत नाही. अग्रलेखाचं प्रूफ तीनदा वाचलं.

१७ सप्टेंबर
मुखपृष्ठ झालं. आज तिने मला काही विचारलं नाही, हवे तेवढे ओघळ सोडले. कोंडीराम म्हणाला, "आरारा! आंगावर काटा आला." शेठ खूश. मला ती अक्षरं लागेचनात — नुसता लाल गुंता. मान डोलावली.

जाताना तिने जाहिरातीचं ते प्रूफ टेबलावर ठेवलं, खाली माझी सही. "सर, घरी नीट बघा." गेली.

घरी बघितलं. १३! चक्क १३! मग स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा तिने मला का द्यावा? नोकरी जाताना कुणी असं करतं?

१९ सप्टेंबर, सकाळ
मुखपृष्ठ छपाईला गेलं. ही वही उघडली. परवाची शाई केव्हाच वाळली, तरी प्रत्येक ओळीखाली ओघळ. डावा डोळा झाकला. थांबले.

प्रूफ काढलं. डोळा झाकूनच वाचलं. बारा. तीनची शेपटी म्हणजे ओघळच होता, कागदावर ती नाहीच. टाइप करताना तिचा हात चुकला असेल, पण तेच पकडायला मी बसलेलो. सही माझी.

वृषाली केडगावला राहते. आधी तिच्याकडे, मग तिला घेऊन शेठकडे. डोळ्याचं नंतर बघू.