बाबांची ना-हरकत

विनिपेग, कॅनडा
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय बाबा व आई यांस,
काजलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. रोशनी वहिनीने फोटो काढून पाठवला त्यात कोपऱ्यात तिचा अंगठाही आला आहे, तोही बरा दिसतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तुम्ही तयार नाही, त्यामुळे का होईना माझं मराठी अक्षर टिकून आहे.

आज कामाचं लिहिते. मला इथे येऊन तीन वर्षं झाली. कायम राहण्याचं कार्ड पहिल्या दिवसापासून आहे, आता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. अट अशी की मागच्या पाच वर्षांतले एक हजार पंच्याण्णव दिवस माणूस प्रत्यक्ष इथे राहिलेला पाहिजे. जुनी तिकिटं काढून मोजलं, तर पंधरा नोव्हेंबरला माझे अकराशे दोन होतात. म्हणजे सात दिवस जास्तीचेच. त्या दिवशी अर्ज पाठवावा असा विचार आहे.

पण बाबा, आपला देश दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. इथली शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट जमा करावा लागेल. नंतर एक कार्ड मिळतं, त्यावर घरी येता-जाता येतं, राहता येतं. मत मात्र देता येत नाही. मला अठरावं संपलं तेव्हा मतदार यादीचा फॉर्म तुम्ही स्वतः भरला होता आणि त्यासाठी नवं पेन घेतलं होतं, ते मी विसरले नाही. म्हणून विचारते. तुमचा होकार आल्याशिवाय मी सही करणार नाही.

तुम्ही अडतीस वर्षं आर्वीच्या तहसीलसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिता. माझाही तपासून द्या. मराठीत उतरवून सोबत जोडला आहे.

आईला सांगा, थंडी सुरू झाली, मी टोपी घालते.

तुमची माया माझ्यावर आहे तशी असू द्यावी.
तुमची,
काजल


आर्वी
११ ऑक्टोबर २०२५

चि. काजल हिस,
प्रेमदास व तानाबाईकडून जयभीम व मंगल कामना. वि. वि.

अर्ज वाचला. तुझ्या ओळी अजूनही उजवीकडे चढत जातात, पण मजकूर नेटका आहे. असे कागद माझ्या टेबलावर रोज आले असते तर माझा चष्मा दहा वर्षं उशिरा लागला असता.

आईच्या जन्मतारखेपुढे तू एक जून लिहिलंस. ती शाळेतल्या गुरुजींनी दिलेली तारीख, आई जन्मली कापूस वेचणीच्या दिवसांत. पण कागदोपत्री एक जूनच आहे, तेव्हा तीच राहू दे. दोन रकाने तू कोरे सोडले. कोरा रकाना पाहिला की साहेबाच्या मनात काहीबाही येते, म्हणून तिथे 'लागू नाही' असं लिहायचं. हे तुले मी शिकवलं होतं.

आता मोठी चूक. यंदा जानेवारीत तू आली आणि चार फेब्रुवारीला परत गेली असं लिहिलं. तू नाही गेली. आठवून पाहा. तीन तारखेला मी बसस्थानकावर पाय घसरून पडलो, उजवा हात मोडला, आणि तू तिकीट पुढे ढकललं. जुन्या तिकिटावरून तारीख उतरवलीस वाटते. तू घरी असतेस त्या प्रत्येक दिवसावर तुझी आई कॅलेंडरात पेनानं ठिपका देते, हे तुले ठाऊक नसन. मी कॅलेंडर खाली उतरवलं. ठिपके वीस फेब्रुवारीपर्यंत आहेत. सोळा जास्त झाले. तीनदा मोजले.

कोणी म्हणेल, तिकडे कोण पाहते. माझ्या टेबलावरून आजपर्यंत खोटा अर्ज गेला नाही. घरचाच गेला तर उद्या मी कोणाले काय सांगू? दिवस कमी पडले तर कमी पडले.

तू होकाराचं विचारलं. आधी अर्ज बरोबर होऊ दे, मग त्याचं पाहू.

आशीर्वाद आहेतच, ते मागायला अर्ज लागत नाही.
तुझा,
बाबा


विनिपेग
१९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी फेब्रुवारीचं तिकीट पुन्हा काढून पाहिलं. चूक माझीच. ती तारीख जुन्या तिकिटावरचीच होती.

ते सोळा दिवस मी कशी विसरले कोण जाणे. तुमचा हात गळ्यात बांधलेला, तुम्ही लोकांचे अर्ज सांगायचे आणि मी टेबलापाशी शेजारी बसून लिहायची. यशोदाबाईंनी निराधार योजनेचा कागद हातात धरून सगळ्यांना ऐकवलं होतं की बापापरीस पोरीचं अक्षर मोठं हाये, चष्मा नाई लागत. तुम्ही दिवसभर तोंड फुगवून होता.

एक गोष्ट तोंडावर बोलता आली नसती, म्हणून लिहिते. तुम्ही गप्प राहिला असतात तर अर्ज चुकीचा गेला असता, कदाचित अडकला असता, आणि मी पुन्हा केलाही नसता. मी हा अर्ज करावा असं तुम्हाला वाटतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तरी तुम्ही ठिपके तीनदा मोजले. बाबा, मला तुमचा फार अभिमान वाटतो.

आता सुधारलेली मोजणी. पंधरा नोव्हेंबरला एक हजार शहाऐंशीच होतात, नऊ कमी. चोवीसला पुरे होतील. तुमच्या पद्धतीने दोन दिवस जास्तीचे ठेवून सव्वीसला पाठवीन म्हणते. इथला एक नियम तुम्हाला आवडेल. जाण्याचा दिवस आणि परत येण्याचा दिवस, दोन्ही इथे राहिल्याचेच धरतात.

तुम्ही विचारलं नाही, पण हे नागरिकत्व मला कशाला हवं ते सांगते. मी वृद्धांच्या निवासात परिचारिका आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिथे डोरोथीआजी आहेत, वय एक्याण्णव. एप्रिलमध्ये निवडणूक झाली. त्यांची चाकाची खुर्ची ढकलत मी मतदान केंद्रापर्यंत नेली. दारातून पुढे तिथल्या बाईंनी नेली आणि मी बाहेर थांबले. मला कोणी अडवलं नाही, मीच थांबले. बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, तू कधी देणार? आर्वीच्या यादीत माझं नाव आहे आणि मी इथे. इथे मी राहते, कर भरते, आणि यादीत नाव नाही. म्हणजे आज मी कुठेच मत देत नाही.

सही अजून केलेली नाही.

रागावला असाल तरी पत्र पाठवत राहा.
तुमची,
काजल


आर्वी
२ नोव्हेंबर २०२५

चि. काजलले,
आईचा जयभीम. मी बोलून राह्यली अन् रोशनी लिहून राह्यली. तिले म्हटलं, जसंच्या तसं लिहिजो, शुद्ध करत बसू नको.

तुये बाबा रागात नाईत. तू त्या नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक मोबाईलवर धाडलतं ना, ते रोशनीजवळ बसून मराठीत समजून घेऊन राह्यले. परवा तहसीलसमोर चहावाल्या ओमप्रकाशले सांगत होते का कॅनडात दहा प्रांत अन् तीन प्रदेश हायेत. ओमप्रकाश म्हणे, काका, अर्जाले तिकीट किती लावाचं ते सांगा, लोकं खोळंबले.

मंग त्याइले समजलं का तिथं राजा हाये, अन् शपथ राजाच्या नावानं घ्या लागते. दोन दिवस जेवणात लक्ष नाई. आपण कायद्याचं राज्य आणलं म्हणे, अन् पोरगी राजाची शपथ घ्याले चालली. हे तू काऊन नाई लिहिलं, असं मलेच विचारे. मले का मालूम राजा हाये का कोण हाये.

मले राजाचं काई नाई. मले एकच गोष्ट लागली. आपल्या घरी याले कार्ड लागन म्हणते तू. त्या खोलीत तुयी शाळेची पेटी अजून तशीच हाये, अन् तुले याले कार्ड? रागानं नाई बोलत, पोटातून बोलून राह्यली. तुये बाबा खरं सांगत नाईत म्हणून मी सांगते. तुयं त्या दाराबाहेर थांबनं ते रोज वाचतात. चष्मा पुसतात अन् पुन्हा वाचतात.

अंबाडीची भाजी वाळवून ठेवली हाये. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आणलं. कधी येतं ते सांगजो.

टोपी घालत जाजो.
तुयी आई


आर्वी
२० नोव्हेंबर २०२५

चि. काजल हिस,
जयभीम व मंगल कामना. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. अडतीस वर्षांत कोणाच्या कागदाला मला एवढा वेळ लागला नाही.

माझा आजा चिंधू तू पाहिला नाहीस. तो गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराच्या ओसरीखाली उन्हात उभा राहायचा. कागद वर ओसरीवर लिहिला जायचा, शाईची डबी काठीनं त्याच्याकडे सरकवायचे, आणि तो अंगठा द्यायचा. कागदात काय आहे ते त्याले कोणी सांगत नव्हतं. हे मला माझ्या बापानं सांगितलं, म्हणून मी टेबल मांडलं. मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाची सही घेत नाही, ते यासाठी.

तू लिहिलं की तुले कोणी अडवलं नाही, तूच थांबली. आज्यालेही रोज कोणी अडवत नव्हतं. कुठं थांबायचं ते त्याले ठाऊक होतं.

पासपोर्ट जमा करशील त्या दिवशी मले वाईट वाटन, हे लपवत नाही. पण महिनाभर मी त्याचाच विचार करत बसलो आणि तू तिकडे दाराबाहेर उभी आहेस हे मला उशिरा दिसलं. घरचे कागद करताना वारसांची ना-हरकत जोडायची आपली रीत आहे. तिकडे लागत नसेल तर स्वतःजवळ ठेव.

प्रति, कु. काजल प्रेमदास थूल, मु. विनिपेग.
विषय : नागरिकत्वाच्या अर्जास हरकत नसल्याबाबत.
मी प्रेमदास लक्ष्मण थूल, वय सदुसष्ट, धंदा अर्जनवीस, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, लिहून देतो की, अर्जदार ही माझी मुलगी असून तिने चुकलेले सोळा दिवस दडवले नाहीत. सदर सोळा दिवसांत तिने माझ्या मोडक्या हाताऐवजी त्रेचाळीस लोकांचे अर्ज लिहिले. त्यातला एकही परत आला नाही. असे माणूस ज्या देशाला मिळत असेल त्याने उशीर करू नये. राजाच्या नावे शपथ घेण्यास माझी हरकत आहे, ती वेगळी नोंदवून घ्यावी. अर्जदाराच्या आईची अट अशी की, घरी येताना कार्ड दारात दाखवू नये, सरळ आत यावे. याशिवाय आमची कोणतीही हरकत नाही. मजकूर तानाबाईस मोठ्याने वाचून दाखवला. तिने बरोबर आहे असे सांगून सही केली.

आईची सही खाली आहे. तिनं दोनदा सराव केला, तो कागदही रोशनीनं फोटोत घेतला आहे.

सव्वीसला अर्ज धाड. त्या दिवशी आपल्याकडे संविधान दिन, मी टेबल बंद ठेवतो, यंदाही ठेवीन.

लोभ वाढवावा असं लिहायची रीत आहे. आता वाढवायला जागा राहिली नाही, आहे तेवढाच सांभाळ.

तुझा,
बाबा

ता. क. शपथ झाल्यावर जी पहिली निवडणूक येईल तिला डोरोथीआजीची खुर्ची तूच ढकलत ने. दारापाशी थांबू नको. दोघी आत जा.